अकरावं रीळ

गंगासागर बी.ए. होऊन अंबाजोगाईला नांदायला आली. सासरी पदवीचं कौतुक झालं, पण ती कुठं ठेवायची हे कोणालाच कळलं नाही. नवऱ्याचं, कल्याणरावांचं, मंडी बाजारात कापडाचं दुकान. घरात देवपूजेचा मोठा व्याप. तिच्या हातात पुस्तक दिसलं की सासूबाई म्हणायच्या, "वाच, वाच. पण दुधाकडं एक डोळा असू दे."

रुचिका पाचेक वर्षांची असताना तिनं बीडच्या दैनिकाला एक पत्र पाठवलं. तुमच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमाविषयी जे येतं ते सिनेमा न बघता लिहिलेलं असतं, असं त्यात होतं. संपादक राधाकिशन यांचं उलट टपाली कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती : "मग तुम्ही बघून लिहा."

तेव्हापासून तेरा वर्षं ती बघून लिहीत आली. शनिवारी तीनचा खेळ, बाल्कनीत बायकांच्या बाजूची कडेची खुर्ची. मुंबई-पुण्यात लागून जुना झालेला सिनेमा चार-सहा महिन्यांनी पत्र्याच्या पेटीतून गावात यायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. रविवारी जेवणं उरकली की ओट्याचा एक कोपरा पुसून ती तिथंच उभ्यानं लिहायची आणि सोमवारी पाकीट बीडच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं द्यायची. दुकानात गिऱ्हाइकं कल्याणरावांना डिवचायची, "आप्पा, तुमच्या घरच्यांनी ह्या सिनेमाला नापास केलं की! आमी तर दोनदा बघितला." आप्पा कापड फाडता फाडता हसायचे. बायकोचं नाव छापून येतं याचा त्यांना अभिमान होता, फक्त ती काय लिहिते ते त्यांनी कधी वाचलेलं नव्हतं.

पुढं गच्च्यांवर डिशच्या तबकड्या आल्या, केबलच्या वायरी विजेच्या खांबांवरून लोंबू लागल्या आणि टॉकीजची बाल्कनी रिकामी पडायला लागली. शनिवारी कधी कधी बायकांच्या बाजूला ती आणि खेड्यांतून बाजाराला आलेल्या पाच-सात जणी, एवढ्याच असायच्या. ती जात राहिली. सत्त्याण्णवच्या जुलैत रुचिका फार्मसीच्या कॉलेजला औरंगाबादला गेली, होस्टेलवर राहिली. दर रविवारी दहा वाजता दुकानाशेजारच्या एस.टी.डी.वर तिचा फोन यायचा. एखाद्या रविवारी आला नाही की गंगासागरचं कशातच चित्त लागत नसे. मन चिंती ते वैरी न चिंती, तशी गत. आंघोळ, पूजा, स्वयंपाक सगळं व्हायचं, पण दुपारपर्यंत पोरीला ताप आलेला असायचा, रिक्षा उलटलेली असायची, आणि काय काय झालेलं असायचं.

त्याच ऑगस्टमध्ये गावात 'धाकट्या वाटा' लागला. खेड्यातली एक विधवा आई एकुलत्या लेकीला नर्सिंग शिकायला शहरात पाठवते. लेकीची पत्रं हळूहळू कमी होतात, मग थांबतात. आई गाडीत बसून शहरात जाते, विचारत विचारत इस्पितळाचं गेट गाठते, आत शिरते. आणि पुढच्याच क्षणी ती आपल्या घरी चुलीपुढं बसलेली दिसते. परातीत पीठ आहे, एकाच भाकरीचं. शेजारीण दारातून विचारते, "पोर कशी हाय?" आई म्हणते, "बरी हाय," आणि भाकरी थापायला लागते. मग ती लेकीची लुगडी-परकर काढून शेजारच्या पोरींना वाटून टाकते, आणि सिनेमा संपतो.

दिवे लागले तरी गंगासागर उठली नाही. त्या रविवारी तिनं जे लिहिलं, तसं तेरा वर्षांत लिहिलं नव्हतं. लेकीचा मृत्यू दाखवलाच नाही, असं तिनं लिहिलं. प्रेत नाही, हंबरडा नाही, डॉक्टर नाही. आईनं आत जे पाहिलं ते पाहायचा आपल्याला अधिकार नाही, असं मानणारा हा दिग्दर्शक आहे; आणि 'बरी हाय' हे दोन शब्द म्हणजे कोणत्याही आईनं जगाशी बोललेलं सर्वांत मोठं खोटं आहे.

राधाकिशननी पहिल्यांदाच स्वतः फोन केला. "वहिनी, आमची बायको वाचून रडली." मग त्यांच्या मनात आलं की मुंबईत अखिल भारतीय चित्रपट समीक्षक परिषद आहे, तिचे वर्षाला पुरस्कार असतात : उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी. यंदापासून प्रादेशिक भाषेतल्या समीक्षेलाही एक ठेवलाय. कात्रण पाठवायला काय जातंय? कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांनी भाषांतर करून दिलं. पाकीट गेलं आणि गंगासागर ते विसरलीही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परिषदेचं पत्र आलं. पुरस्कार तिला होता. नऊ फेब्रुवारीला मुंबईत समारंभ, शाल, मानचिन्ह. 'मृत्यू न दाखवता दाखवणाऱ्या दृश्याचं मर्म तालुक्याच्या गावातून लिहिणाऱ्या एका गृहिणीनं नेमकं टिपलं,' असं परीक्षकांनी म्हटलं होतं. तिनं पत्र दोनदा वाचलं आणि फडताळात, साखरेच्या डब्यामागं ठेवलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. लग्न झाल्यापासून फक्त तिच्या नावावर काही घरात आलं नव्हतं, म्हणूनही असेल.

कल्याणरावांनी ते तिथून काढून दुकानात नेलं. दोन दिवसांत सगळ्या मंडी बाजाराला कळलं. व्यापारी संघानं सत्कार ठरवला. समारंभासाठी आप्पांनी स्वतः जांभळी इरकल बाजूला काढली आणि कात्रण चौकटीत बसवून गल्ल्याच्या वर, देवाच्या फोटोशेजारी टांगलं.

परीक्षा संपवून रुचिका महिन्याभरासाठी घरी आली, तेव्हा तिनं ते तिथंच वाचलं. दुपारी जेवताना म्हणाली, "आई, तू कोणत्या सिनेमावर लिहिलंस हे?"

"कोणत्या म्हणजे? वर नाव आहे की."

"आम्ही होस्टेलच्या पोरी गेलो होतो बघायला. त्यातली मुलगी मरत नाही."

गंगासागरच्या हातातली पळी वरणातच राहिली. "मरते गं. दाखवलं नाही फक्त."

"आई, दाखवलंय. त्या दोघी इस्पितळाच्या कँटीनमध्ये बसून चहा पितात. मुलगी चांगली धडधाकट आहे. ती म्हणते, मी आता घरी येणार नाही, इथंच राहीन. केवढा मोठा सीन आहे! तुझ्या कसा लक्षात नाही?"

"चहा पितात?"

"बशीतून. आई बशीत ओतून पिते, मुलगी कपानं."

कल्याणराव मान खाली घालून जेवत होते. ते म्हणाले, "तू दुसरा कुठला तरी बघितला असशील, बाळ. वाढ गं, भात वाढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगासागर टॉकीजवर गेली. ऑपरेटर सटवा मशीनच्या खोलीबाहेर पायऱ्यांवर बसून तंबाखू मळत होता. तिला बघून उभा राहिला. तिनं विचारलं तसं त्यानं काहीच आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

"त्या शनवारी लाईट गेलती न्हवं का अर्धा तास? लाईट गेली की आमी एक रीळ खाली ठिवतो, बाई. न्हाईतर सहाचा खेळ सातला जातो, आन् तीनच्या खेळाच्या बाया घाटनांदूरच्या गाडीला चुकत्यात. मग त्या पुढच्या बाजाराला येतच न्हाईत. अकरावं रीळ ठिवलं व्हतं मी."

"अकरावंच का?"

"गानं काढलं तर पब्लिक खुर्च्या फाडतंय. मारामारी काढली तर माझी कॉलर धरतंय. ज्यात नुसतं बोलत बसल्यात, ते रीळ ठिवायचं. कुनाला कळत न्हाई."

"आणि हे कधीपासून?"

"माज्या आदी माजा चुलता करायचा." त्यानं तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली. त्याला काही आठवलं आणि तो हसला. "तुमी मागं एका सिनेमाला लिव्हलतं, कथेचा धागा मदीच तुटतो म्हनून. चुलता लई हसलता. म्हनला, ते आपलंच हाय."

गंगासागर तिथंच पायरीवर टेकली. तेरा वर्षांतले शनिवार, आणि त्यांतल्या किती शनिवारी लाईट गेली होती कुणास ठाऊक.

"ते रीळ बघायला मिळेल का?"

"पेटी गेली की. आता कड्याला हाय. बाजाराच्या दिशी दुपारचा खेळ असतो तितं."

अंबाजोगाईहून कडा म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसरं. पहाटेची गाडी धरली, मांजरसुंब्याला उतरून तासभर दुसरीची वाट पाहिली, बीडला तिसरी. रुचिका बरोबर होती. एरवी गाडीत बसली की गंगासागर लेकीला बिस्किटं दे, पाणी दे, खिडकी लाव असं करायची. त्या दिवशी बिस्किटांचा पुडा पिशवीतच राहिला. कड्याला कारखान्याचा हंगाम चालू होता, रस्त्यात उसाच्या बैलगाड्यांची रांग, हवेत मळीचा वास. पत्र्याची टॉकीज होती. बाकड्यांवर ऊसतोडीच्या बाया लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

ह्या खेळाला लाईट गेली नाही.

गेटातून आत गेलेली आई कँटीनच्या बाकड्यावर बसली. लेक समोर बसली, पांढऱ्या कपड्यांत, कोरड्या डोळ्यांनी. चहा आला. आईनं तो बशीत ओतला. मग लेक म्हणाली, "मी न्हाई येत." रागानं नाही, रडून नाही, जेवण झालंय, आता नको, असं म्हणावं तसं. आईनं बशी खाली ठेवली आणि लेकीच्या कपातला उरलेला चहाही पिऊन टाकला, वाया जाऊ नये म्हणून.

"ये की गं बाई घरला!" पुढच्या बाकावरची एक बाई पडद्याशी मोठ्यानं बोलली. "मायचं त्वांड तर बघ!"

"कशाला यील?" तिच्या शेजारची फणकारली. "घरला काय ठिवलंय तिचं? कोयता?"

दोघी हसल्या. गंगासागरला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. सबंध सिनेमात एवढं चांगलं दुसरं काही नव्हतं, हे तिला दिसत होतं. शेजारणीला आई 'बरी हाय' म्हणाली ते खरं होतं, साधं खरं. पोर बरी होती. फक्त येणार नव्हती.

परतताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा घ्यायला दोघी थांबल्या. ट्रकांच्या धुळीत रुचिकानं विचारलं, "आई, रीळ नव्हतं हे ठीक आहे. पण तुला ती मेलीच असं का वाटलं?"

"पत्रं बंद झाली होती तिची."

"अभ्यास असेल की!"

गंगासागरनं कप फिरवला. "असेल," ती म्हणाली. "चहा घे, थंड होईल."

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं आणि परिषदेला कळवायचं म्हणाली. कल्याणरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अगं, त्या परिषदेवाल्यांनी सिनेमा बघितलाय का? नाही. बघितला असता तर बक्षीस दिलं असतं का? राधाकिशननं बघितलाय? नाही. मग चूक कुणाला दिसली? तुला आणि सटवाला. सटवाला एक पायजम्याचं कापड देतो मी."

"रुचिकाला दिसली."

"ती घरची आहे."

"म्हणूनच तर." ती थांबली. तिला एवढी दमणूक वाटत होती की वाक्य पुरं करायलाही नको वाटलं. "आणि मी बघून लिहिते, असं म्हणून सुरुवात केली होती मी."

"मी बाजाराला काय सांगू? सत्काराचे हार सांगून झालेत!" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "ती इरकल तुला शोभली असती," ते म्हणाले आणि दुकानाकडं निघून गेले.

राधाकिशननी फोनवर आणखी स्पष्ट सांगितलं. "वहिनी, परिषदेला हळूच काय कळवायचं ते कळवा. पेपरात छापू नका. आमच्या पेपरात तेरा वर्षं अर्धे सिनेमे बघून लिहिलं जात होतं, असं मीच माझ्या हातानं छापू? आता मुंबईची एजन्सी रंगीत पान तयार करून पाठवते, नटनट्यांचं. मी तुमच्यासाठी ते थांबवून ठेवलंय. हे छापायला लावलंत तर मला थांबवता येणार नाही."

म्हणजे पुरस्कार जाणार होता आणि त्याच्या मागोमाग ओट्यावरचा तो कोपराही. दोन दिवस ती घरात कामं करत राहिली. गव्हाला ऊन दिलं, लोणच्याच्या बरण्या पुसल्या. तिला कोणी सांगितलं असतं की गप्प बस, तर ती बसलीही असती; पण नवरा आता बोलत नव्हता आणि रुचिका मुद्दाम काही बोलत नव्हती. रविवार आला. दुपारी तिनं ओटा पुसला आणि लिहायला घेतलं.

'धाकट्या वाटा या चित्रपटाची समीक्षा मी चुकीची लिहिली,' असं पहिलं वाक्य होतं. खेळात लाईट गेली, ऑपरेटरनं एक रीळ खाली ठेवलं आणि मी त्या रिकाम्या जागेचं कौतुक केलं. ती जागा दिग्दर्शकानं सोडलेली नव्हती. तिथं लेक मेलेली नव्हती. ती मी मारली. तिनं कँटीनमधल्या चहाचं दृश्य सगळं लिहिलं, बशीसकट, आणि हा चित्रपट मी म्हटलं होतं त्याहून चांगला आहे, असंही लिहिलं. सोमवारी एक प्रत कंडक्टरकडं आणि एक रजिस्टरनं मुंबईला गेली.

राधाकिशननी ते सहाव्या पानावर, बाजारभावांच्या खाली छापलं. पुढच्या रविवारी तिच्या जागी रंगीत पान होतं. व्यापारी संघानं सत्कार 'काही कारणास्तव' पुढं ढकलला. सटवा मात्र तरातरा दुकानावर आला; गंगासागर तेव्हा आप्पांचा डबा घेऊन तिथं आली होती.

"बाई, माजं नाव कशाला टाकलं वो? मालक मला लई बोलला."

"तुझं नाव कुठंय, सटवा? नुसतं ऑपरेटर लिहिलंय."

"गावात ऑपरेटर मी येकलाच हाय की!"

कल्याणरावांना हसू आवरेना. पंधरा दिवसांत ते पहिल्यांदा हसले. सटवाला त्यांनी चहा पाजला, पायजम्याचं कापडही दिलं, आणि तो गेल्यावर गल्ल्याच्या वरची चौकट उतरवून भिंतीकडं तोंड करून ठेवली.

जानेवारीच्या मध्यात परिषदेचं उत्तर आलं. आपल्या प्रामाणिकपणाचा परिषद आदर करते. तथापि निवड त्याच लेखावर आधारित असल्यानं पुरस्कार रद्द करण्यात येत आहे. यंदा या विभागात पुरस्कार दिला जाणार नाही. परीक्षकांनी चित्रपट पाहिला होता का, याविषयी एक अक्षर नव्हतं. गंगासागरनं ते एकदाच वाचलं.

रुचिकाला औरंगाबादला परत जायचं होतं तो दिवस दोनच दिवसांनी आला. स्टँडवर मायलेकी बाकावर बसल्या होत्या. आईच्या पिशवीतून रुचिकाच्या बॅगेत गेलं : शेंगदाण्याची चटणी, धपाटे, तापाच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या. आणि लेक औषधांचंच शिकत होती. रुचिका पाय हलवत म्हणाली, "आई, तुला एक सांगू? रागावू नको. मी असते ना, तर गेले असते मुंबईला."

गंगासागरनं तिच्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत पोर काही बोलली नव्हती म्हणून तिनं आपलं आपणच गृहीत धरलं होतं की हे सगळं तिला पटलंय. निदान तिच्यासाठी तरी झालंय.

"शाल घ्यायला?"

"शाल घ्यायला, आणि माईकवर हेच सगळं सांगायला. त्या परीक्षकांच्या तोंडावर. तू सहाव्या पानावर सांगितलंस. कांद्याच्या भावाखाली."

"मला नसतं जमलं ते."

"ठाऊक आहे." रुचिकानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. "मला जमलं असतं, एवढंच म्हणतेय."

गाडी लागली. रुचिका गर्दीत घुसली आणि आतून खिडकीशी जागा पकडून हात हलवायला लागली. गंगासागर खाली उभी राहून सांगत होती, खिडकी लावून घे, वारं बाधेल, पोचलीस की फोन कर. मग ती थांबली.

"नाही केलास तरी चालेल," ती म्हणाली. "रविवारी कर."

"काय?" इंजिनाच्या आवाजात रुचिकाला ऐकू गेलं नाही.

"रविवारी!"

गाडी वळली आणि रस्त्याला लागली. रविवारला चार दिवस होते. गंगासागर रिकामी पिशवी घडी घालून, ऊन टाळत, दुकानाच्या बाजूनं घरी निघाली.